दुसऱ्या प्रकरणातले ठोंबरे

निर्मलाताई देवरे गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली परीक्षेच्या ड्यूटीचं वेळापत्रक, आणि मधे ताईंचा ओळखपत्रावरचा जुना फोटो, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी स्टाफरूममध्ये होते. समोर माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण पडलेलं, त्यावर ताईंच्या पेन्सिलीच्या खुणा. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायची लाज वाटते, पण आता लपवून तरी काय करायचंय... मला वाटलं, आता हे प्रकरण कोण तपासणार? माणूस गेलं, आणि बाईसाहेबांना पानांची काळजी! मग दुसरा विचार आला, आणि तो अजून गेलेला नाही. आम्ही तीन आठवडे एकमेकींशी बोललो नव्हतो. भांडण मी काढलं होतं. फोन मी करायचा होता, आणि मी तो रोज उद्यावर ढकलत होते.

ज्यांना ताई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कॉलेजात त्या आयुष्यभर ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावरही रोज साडेदहाला ग्रंथालयात यायच्या, वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारच्या टेबलावर बसायच्या, आणि नव्या ग्रंथपालांच्या कामात नाक अजिबात खुपसायच्या नाहीत, हे विशेष. यजमान काही वर्षांपूर्वी गेलेले, मूलबाळ नाही, कॉलेज रोडच्या मागे दोन खोल्यांचा फ्लॅट. मी नाशिक रोडहून येऊन त्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्रेचाळिसाव्या वर्षी मला पीएचडीची हुक्की आली. या वयात लोकांचे गुडघे धरतात, मला संशोधनाने धरलं. विषय घेतला पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बायकांचा. हायवेवर सकाळी त्यांचे टेम्पो दिसायचे, आणि मला वाटायचं, यांच्याबद्दल कुणी काही लिहिलंच नसेल. माझे गाइड पुण्याचे, भले गृहस्थ, पण कायम घाईत. म्हणाले, "मॅडम, आधी लिटरेचर रिव्ह्यू करून आणा, मग बोलू." लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा, तो नक्की कसा करायचा, हे विचारायची सोय नव्हती. पंधरा वर्षं वर्गात उभी राहणारी बाई, तिने कुणाला विचारायचं?

म्हणून मी विचारलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या दुसऱ्या प्रकरणाची चाळीस पानं लिहिली. अमुक यांनी अमुक सांगितले आहे, तमुक यांच्या मते तमुक आहे, असं ओळीने. प्रिंट काढून मोठ्या तोऱ्यात ग्रंथालयात वाचत बसले होते, तर शेजारच्या टेबलावरून ताई म्हणाल्या, "बघू का?" सबंध चाळीस पानं त्यांनी वाचली. मी मधे दोनदा चहा पिऊन आले. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "वैशाली, ही काय लग्नातल्या आहेराची यादी आहे? मामांनी ताट दिलं, आत्याने साडी दिली. अगं, पण नवरी कुठंय यात? तुला काय हवंय ते कुठंय?" मला असा राग आला म्हणता! मी म्हणाले, "मॅडम, सगळ्यांचे रिव्ह्यू असेच असतात." त्या म्हणाल्या, "असतात ना. म्हणून तर कुणी वाचत नाही." दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने त्यांच्या टेबलावर जाऊन बसले. महिन्याभरात मॅडमच्या ताई झाल्या.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. आलेल्या लग्नपत्रिका त्या फेकत नसत. पत्रिकेचा कोरा भाग पोस्टकार्डाएवढा कापायच्या आणि त्याचं कार्ड करायच्या. एका पुस्तकाला एक कार्ड. वर लेखकाचं नाव, मधे त्याने काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत, आणि खाली डाव्या कोपऱ्यात दोनच शब्द: "हातात घेतलं". ज्या पुस्तकाला आपला हात लागला नाही त्याचं कार्ड करायचं नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात उल्लेख वाचला, गूगलवर दिसलं, सरांनी सांगितलं, काही चालायचं नाही. मी दोनदा खोटं लिहिलं आणि दोन्ही वेळा पकडली गेले. कार्डाच्या पाठीला "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" छापलेलं आणि पुढे स्त्रीश्रमाचं अर्थशास्त्र, असा तो सगळा संसार. कार्डं टेबलावर मांडायची, कोण कुणाशी भांडतंय, कोण कुणाची री ओढतंय ते बघून त्यांचे गट करायचे. "बसव त्यांना एकमेकांसमोर. बोलू दे," म्हणायच्या. मला वाचता येतं हे मला पहिल्यांदा त्या टेबलावर कळलं, खोटं नाही सांगत.

आणि मग मला ठोंबरे भेटले. म्हणजे भेटले नाहीत, तोच तर घोळ. माझ्या विषयावरचे जेवढे प्रबंध मी चाळले, त्यातल्या चारांमध्ये एक नाव होतं, "ठोंबरे, नि. का., अप्रकाशित प्रबंध, पान एकशे बारा". चारही ठिकाणी नेमकं एकच वाक्य: पॅकहाउसमधल्या बायका मजुरी बघून काम धरत नाहीत, सोबत कोण आहे ते बघून धरतात, असं ठोंबरे यांनी सिद्ध केलं आहे. मी उडालेच. माझ्या अख्ख्या विषयाची किल्ली या माणसाकडे! मी त्याचं नाव निवृत्ती काशिनाथ असं ठरवून टाकलं, पांढऱ्या मिशाही दिल्या. ताईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "निवृत्ती? बरं बाई, शोध तुझ्या निवृत्तीरावांना," म्हणाल्या. मला वाटलं माझ्या येडेपणाला हसतायत.

मी शोधलं हो, फार शोधलं. विद्यापीठाच्या प्रबंध विभागात नोंद नाही. ज्या चौघांनी उल्लेख केला त्यांतल्या तिघांना फोन केले, चौथ्या बाईंचा नंबर काही मिळाला नाही. पहिला म्हणाला मी दुसरीच्या प्रबंधातून घेतलं, दुसरी म्हणाली मी तिसऱ्याच्या, आणि तिसरे गृहस्थ माझ्यावरच उखडले, की मॅडम, एवढं कोण बघतं? पुण्याला प्रबंध विभागात जाताना ताई दोनदा माझ्यासोबत आल्या. एसटीत खिडकीशी बसून शेंगा सोलत म्हणाल्या, "वाच गं परत, काय लिहिलंय ठोंबऱ्यांबद्दल?" मी फोनमधून वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. सिन्नर गेल्यावर म्हणाल्या, "चौघांनी घेतलं, पण एकच वाक्य घेतलं... बाकी काहीच का नसेल घेतलं कुणी?" मी म्हणाले, "बाकीचं बंडल असेल." त्या म्हणाल्या, "असेल." आणि शेंगांची टरफलं पिशवीत भरू लागल्या. आज तो प्रवास आठवला की मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मुदत संपत आली. गाइड रोज मेसेज टाकायला लागले. शेवटी मी कंटाळून ठोंबऱ्यांना प्रकरणात घातलं, बाकीच्यांनी घातलं तसंच, पान एकशे बारासकट. ताईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "हातात घेतलंस?" मी म्हणाले, "ताई, चौघांनी लिहिलंय. हरिश्चंद्राचा ठेका मी एकटीनेच घ्यायचा का?" त्या म्हणाल्या, "मग काढ." मी म्हणाले, "काढलं तर सर विचारतील, एवढा महत्त्वाचा संदर्भ सुटला कसा?" त्या म्हणाल्या, "ठेव किंवा काढ, तुझं तू बघ. पण न बघता ठेवू नको. त्या माणसाने तसं म्हटलंच नसेल तर?" तेव्हा मला का कोण जाणे भडका उडाला. दोन वर्षांचा शीण असेल, घरी मुलीची बारावी होती, काहीही कारण सांगा. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "तुम्हाला बोलायला काय जातंय? तुम्हाला कुठे पीएचडी करायची आहे!"

ताई उठल्या, टेबलाखालच्या चपला पायात घातल्या, आणि म्हणाल्या, "खरंय तुझं." रागाने नाही, अगदी साधेपणाने, वेळ विचारली तर सांगावी तसं. मग तीन आठवडे त्या ग्रंथालयात आल्या नाहीत. मी म्हणत होते, येतील, कुठे जातायत. माझाही तोरा होताच. आणि मग ग्रुपवर तो फोटो... सकाळी झोपेतच गेल्या म्हणाले.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. आतून पांढरी टोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ आले, पाणी दिलं आणि म्हणाले, "मी मधुकर ठोंबरे. निर्मलाचा थोरला भाऊ. आम्ही पिंपळगावचे." मी वेड्यासारखं विचारलं, "तुमच्या वडलांचं नाव?" ते म्हणाले, "काशिनाथ. का हो?" त्या भरल्या घरात मला हसू यायला लागलं, काय चाललंय तेच कळेना. निवृत्तीराव, मिशा, एसटी, शेंगा, सगळं एकदम अंगावर आलं. नि. का. ठोंबरे म्हणजे निर्मला काशिनाथ ठोंबरे. दोन वर्षं मी त्यांना सगळ्या महाराष्ट्रात शोधत होते आणि त्या माझ्या शेजारी बसून माझी पानं तपासत होत्या.

मधुकरभाऊंना मी सगळं सांगितलं. मान हलवत ते म्हणाले, "लग्नाआधी लय नाद होता तिला. सकाळी बायकांच्या टेम्पोत बसून जायची, वही घेऊन. लग्नानंतर बी कोणी आडवलं नाय. जावई म्हंजे देवमाणूस, टायपिंगचे पैसे त्यांनीच दिले." मी विचारलं, "मग प्रबंध पूर्ण का नाही झाला?" ते म्हणाले, "ते कोडं आम्हाला बी नाय सुटलं. कधी बी विचारा, एकच. भाऊ, अजून दोन पुस्तकं बघायची राहिली. ती बघितली का आणखी दोन. गाइड रिटायर झाले, मुदत गेली. तिची एक मैत्रीण होती, तिला हे कागद वाचाया दिले होते. त्या बाईचं पूर्ण झालं, हिचं राहिलं." म्हणजे पहिला उल्लेख त्या मैत्रिणीने केला असणार, प्रबंध होईलच या भरवशावर. आणि मग एकाने दुसऱ्याचं बघून, दुसऱ्याने तिसऱ्याचं बघून... जो प्रबंध कधी झालाच नाही, तो चार प्रबंधांत जाऊन बसला. आमच्या संशोधकांच्या जमातीशिवाय असली चूक दुसरं कोण करेल!

भाऊंनी कपाटातून एक फाइल काढून दिली. "तुमच्या उपयोगाची असंल तर न्या. इथं रद्दीत जाईल," म्हणाले. टाइप केलेले कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. मी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर दोन दिवस वाचली. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात पान एकशे बारा नाहीच. पानं शहाण्णववर संपतात, दुसऱ्या प्रकरणाच्या मधोमध, एका अर्ध्या वाक्यावर. एकशे बारा कुठून आलं देव जाणे. आणि दुसरी गोष्ट, ज्याने माझी झोप उडवली. ते वाक्य सापडलं. पण ताईंनी काहीएक सिद्ध केलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं. बायका सोबत बघून काम धरतात का, असं प्रश्नचिन्ह, आणि पुढे, मला अजून नक्की सांगता येत नाही, आणखी बायकांशी बोलायला हवं. एवढंच. त्यांच्या प्रश्नाचं लोकांनी उत्तर करून टाकलं होतं, आणि ते उत्तर मी एसटीत त्यांनाच वाचून दाखवलं होतं. दोनदा.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. त्यांनी सांगितलं का नाही? एका वाक्याचं काम होतं. लाज वाटत होती का? कीर्तीसारखी काहीतरी गंमत वाटत होती, चार पुस्तकांत नाव आहे याची? की कुणीतरी शोधत शोधत दारापर्यंत यावं, असं वाटत होतं, आणि मी दोन वर्षं येऊन दाराबाहेरच बडबडत राहिले? "त्या माणसाने तसं म्हटलंच नसेल तर?" हे त्या जवळजवळ सांगतच होत्या. आणि त्यावर मी काय बोलले... तुम्हाला कुठे पीएचडी करायची आहे. कधी वाटतं, त्या प्रश्नानंतर त्या मला सगळं सांगणार होत्या. कधी वाटतं, छे, मुळीच नाही. दोन्ही खरं वाटतं. नवरा म्हणतो, विचार करू नकोस. जसं काही नळ आहे, बंद केला की झालं.

पण प्रकरण तर द्यायचं होतं. गाइडना फोन करून सगळी हकिगत सांगितली. ते हळहळले, आणि मग म्हणाले, "बघा मॅडम, अर्धवट टंकलिखित संदर्भ म्हणून धरायला कमिटी तयार होणार नाही. आणि तुम्ही प्रश्न म्हणून दिलंत, तर आधीच्या चौघांना खोटं पाडल्यासारखं होतं. एक तर गाळा, नाही तर सगळ्यांनी दिलंय तसं द्या." मला दोन्ही जमेना. गाळलं तर ताई कुठेच उरत नाहीत. निवृत्त ग्रंथपाल, हात जोडलेले, संपलं. सगळ्यांसारखं ठेवलं तर उरतात, पण जे बोलल्या नाहीत ते त्यांच्या तोंडी घालून. चार दिवस मी नाव खोडत होते आणि परत लिहीत होते. शेवटी होतं तसं लिहिलं. निर्मला काशिनाथ ठोंबरे, अपूर्ण टंकलिखित, पानं शहाण्णव, त्यांनी असा प्रश्न विचारला आहे, उत्तर दिलेलं नाही, आणि इतरत्र जे छापलं गेलं आहे ते मूळ लिखाणात आढळत नाही. प्रकरण गाइडना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. कदाचित परत येईल. मुदतवाढ आता मिळायची नाही, हे मला माहीत आहे. येऊ दे परत, एवढं मात्र मी बदलणार नाही.

गेल्या आठवड्यात हंगाम सुरू झाला म्हणून पिंपळगावला गेले. आतापर्यंत मी तिथे छापील प्रश्नावली घेऊन जायची. या वेळी ताईंचा तेवढा एक प्रश्न घेऊन गेले. थंडगार हॉल, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायकांची रांग, हातात बारीक कात्री, घड फिरवायचा आणि खराब मणी उडवायचा. एक पन्नाशीच्या बाई होत्या, लताबाई. त्यांना विचारलं, "तुम्ही याच पॅकहाउसला का येता?" त्या म्हणाल्या, "ह्या सगळ्या बसल्यात ना इथं, म्हनून." मग घड फिरवत म्हणाल्या, "पर मागच्या साली ह्या नव्हत्या, तरी आलेच की. पैसा बी लागतो. काय सांगावं बाई, मला बी नाय कळत." आणि खुदकन हसल्या. मी लिहून घेतलं, जसंच्या तसं.

मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही एकट्याच आल्या का एवढ्या लांब? संगं कोणी नाय?"

"होत्या एक," मी म्हणाले. पुढचं का बोलले माहीत नाही. "भांडण झालं आमचं."

"आता गं बया! बोललं कोण, त्या का तुम्ही?"

"मी."

"मंग तुम्हीच जायला पायजे आधी," लताबाई म्हणाल्या. हात थांबले नव्हते. "थोर हायत का त्या तुमच्याहून? मंग तर काय लाज नाय. घरी जायचं, चहा मागायचा, झालं. किती दिवस धरून बसता?"

मी "हो" म्हणाले. म्हणाले, "जाते."